मोरचूद आणि बुलेटचं इंजिन

पांढुर्णा आणि सौंसरच्या संत्राबगीच्यांत पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डो मिश्रण तयार होतं, तेव्हा एक परीक्षा ठरलेली असते. एका प्लास्टिकच्या पिंपात एक किलो मोरचूद विरघळवलेलं, दुसऱ्यात तेवढाच कळीचा चुना विझवून गाळलेला, आणि सगळं मिळून पाणी शंभर लिटर. दोन्ही एकत्र ओतल्यावर आकाशी रंगाचं दाटसर पाणी तयार होतं. त्यात लोखंडी विळा किंवा घासलेला खिळा थोडा वेळ बुडवून धरायचा. पातं जसंच्या तसं बाहेर आलं तर मिश्रण फवारायला हरकत नाही. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे. मोकळं तांबं पाण्यात शिल्लक आहे आणि ते कोवळी पानं जाळणार. मग थोडी चुन्याची निवळी आणखी घालायची. मिश्रण धातूच्या भांड्यात करू नये, हेही बगीचेवाल्याला सांगावं लागत नाही. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांना चोरांचा हात लागू नये म्हणून मोरचूद-चुना फासत असत. ते फासलेले वेल रोगातून वाचतात हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं आणि 1885 साली त्याने ही कृती प्रसिद्ध केली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ती जगभर चालली आहे, आणि संत्र्याच्या खोडावर डिंक्या येऊ नये म्हणून इथे आजही तिचाच आधार आहे.

विळ्याच्या पात्यावर जे घडतं ते साधं आहे. पाण्यात विरघळलेलं तांबं धातू होऊन लोखंडावर बसतं आणि तेवढ्या हिशेबाने लोखंड पाण्यात उतरतं. आता तीच परीक्षा लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमवर झाली तर? धातूंच्या उतरंडीत ॲल्युमिनियम तांब्यापासून लोखंडापेक्षाही लांब आहे. अदलाबदलीची ओढ त्याला जास्त आहे. आणि ही परीक्षा कोणी मुद्दाम केली नाही तरी बांधावर रोज होते, कारण फवारणीला येणारा माणूस मोटरसायकलवर येतो, मोरचुदाची थैली टाकीवर किंवा कॅरियरवर असते, आणि त्याच गाडीवर चकचकीत क्लच कव्हर, गिअरच्या बाजूचं झाकण, फोर्कच्या खालच्या नळ्या, मॅग व्हील असा बराचसा उघडा ॲल्युमिनियम असतो. या प्रकरणात मला एवढंच मांडायचं आहे की ही चकाकी घासणं कमी पडल्यामुळे जात नाही. ती विरघळलेल्या क्षारांनी, आम्लांनी आणि अल्कलींनी जाते, आणि उरलेली बरीचशी आपण स्वतःच घासून घालवतो. म्हणून तिचं रक्षण पॉलिशच्या डबीपेक्षा साध्या पाण्याच्या बादलीने जास्त होतं.

हे पटायला ॲल्युमिनियमचा स्वभाव आधी पाहावा लागतो. हा धातू हवेत उघडा राहतच नाही. नुकत्याच कापलेल्या किंवा घासलेल्या पृष्ठभागावर बघता बघता ऑक्साइडची पापडी धरते. तिची जाडी दोन ते चार नॅनोमीटर असते. लोखंडाचा गंज फुगतो, सुटतो, खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. ॲल्युमिनियमची पापडी मात्र धातूला घट्ट चिकटून बसते आणि ओरखडा पडला तर स्वतःच भरून येते. बाजारात पॉलिश विकणारे सांगतात की ऑक्साइड चढलं म्हणून धातू निस्तेज झाला, ते खरवडून काढा. यातलं अर्धं खरं आहे. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटरच्या घरात असते. तिच्या शंभराव्या भागाएवढी पातळ आणि शिवाय पारदर्शक पापडी प्रकाशाला अडवणार कशी? आरशासारखा पृष्ठभाग मंद होतो तो त्यावर प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे खड्डे पडले की, आणि त्या खड्ड्यांच्या तोंडाशी हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी साचली की. प्रकाश मग एका दिशेने परतत नाही, चहूकडे विखुरतो. म्हणजे पापडी हा रोग नव्हे. पापडी फुटणं हा रोग आहे. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधला ॲल्युमिनियमचा ओतीव पुतळा 1893 साली उभारला. धूर, धुकं, पाऊस खाऊनही तो टिकला आहे, पण आरशासारखा चमकत नाही. पापडी धातूचं अंग वाचवते, चकाकी वाचवण्याची हमी देत नाही. चकाकी हवी असेल तर पापडी फुटण्याचे प्रसंगच कमी करावे लागतात.

ते प्रसंग कोणते? ही पापडी साधारण 4 ते 8.5 सामूच्या पाण्यात सुखरूप असते. खाली गेलात की आम्ल तिला विरघळवतं, वर गेलात की अल्कली. बहुतेक धातूंना फक्त आम्लाची भीती असते, ॲल्युमिनियमला दोन्हीकडून आहे, आणि घरातल्या-शेतातल्या निम्म्या वस्तू या दोन टोकांना बसलेल्या असतात. विझवलेल्या चुन्याच्या पाण्याचा सामू बाराच्या वर जातो. धुण्याच्या सोड्याचा अकराच्या आसपास. संत्र्याचा रस साडेतीनच्या जवळपास. पण या सगळ्यांहून वाईट जोडी तांबं आणि क्लोराइड यांची. ॲल्युमिनियमचा तुकडा नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात टाकला तर बराच वेळ काही घडताना दिसत नाही. पापडी दार अडवून बसलेली असते. त्याच पाण्यात चमचाभर मीठ घाला. काही क्षणांत पाणी कोमट होऊ लागतं, बुडबुडे येतात, तुकड्यावर तपकिरी-काळा गाळ चढतो आणि पातळ फॉइल असेल तर तिची चाळणी होते. शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग सहज दाखवता येतो. मिठातलं क्लोराइड पापडीत भोकं पाडतं आणि त्या भोकांतून तांबं आत शिरतं. पुढे तर तांब्याचा नवा पुरवठाही लागत नाही. जो कण एकदा ॲल्युमिनियमवर बसला तो ओलाव्यात छोट्या बॅटरीसारखं काम करतो: कण तसाच राहतो, भोवतालचं ॲल्युमिनियम विरघळत जातं. कव्हरवर जे काळे टिपके दिसतात, जे कितीही पुसले तरी आठवड्यात परत उगवतात, त्यांच्या बुडाशी बरेचदा हा प्रकार असतो.

पांढुर्णा-सौंसरमध्ये ही जोडी एकत्र यायला काहीच अडचण नाही. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा म्हणजे मुख्यतः हे दोन संत्र्याचे तालुके. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार जून-जुलैत. त्यामुळे फवारणी आणि खतांचा फेरा वर्षभर कुठे ना कुठे चालूच असतो. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम. मधल्या काळात कॉपर ऑक्सिक्लोराइड, ज्याच्या नावातच तांबं आणि क्लोराइड शेजारी बसलेले आहेत. पालाश द्यायला म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड; मिठाचाच भाऊबंद. खताची पिशवी ज्या हाताने फोडली त्याच घामट हाताने गाडीची किल्ली फिरते, पाय ठेवला जातो, आणि गुडघ्याजवळचं कव्हर चोळलं जातं. ओतीव झाकणांसाठी वापरल्या जाणाऱ्या एडीसी 12 सारख्या मिश्रधातूत तांबं मुळातच दीड ते साडेतीन टक्के असतं, सिलिकॉन दहा-बारा टक्क्यांपर्यंत. म्हणजे घरभेदी आधीपासून आत आहे. शुद्ध ॲल्युमिनियमच्या पातेल्याने जे सोसलं असतं ते हे झाकण सोसत नाही.

इथे जाणकार बगीचेवाला आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. नीट केलेल्या बोर्डोत तांबं मोकळं नसतंच. चुन्याने ते बांधलेलं असतं, विळ्याची परीक्षा त्यासाठीच तर आहे. मग वाळलेल्या शिंतोड्याने काय होणार? परीक्षेला उतरलेलं मिश्रण पिंपात निरुपद्रवी असतं हे मान्य. पण गाडीवर उडालेला शिंतोडा पिंपातला राहत नाही. त्यावर संत्र्याचा रस सांडला तर सायट्रिक आम्ल बांधलेलं तांबं पुन्हा सोडवतं. बांधलेलं तांबं पानावर हळूहळू सुटावं, म्हणूनच तर बोर्डो बुरशीवर काम करतं. पानावर जे सुटतं ते धातूवरही सुटणारच. गाडी रात्री गोठ्याच्या कडेला लावली तर गोमूत्रातल्या युरियापासून सुटणारा अमोनियाही तांबं विरघळवायला मदत करतो. शिवाय चुना जास्त झाला तर दुसऱ्याच टोकाचा मारा: ओल्या चुन्याचा डाग ॲल्युमिनियमवर तासभर राहिला तरी खाली पांढुरका चट्टा उमटतो, आणि तो पुसून जात नाही कारण तो डाग नसून खाल्लेला धातू आहे. चुना कमी पडला तरी गाडीचं नुकसान आणि जास्त झाला तरी गाडीचंच. विळ्याची परीक्षा पानांसाठी पुरेशी आहे, इंजिनासाठी नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, उन्हाळा कोरडा ठणठणीत. गंजाची चर्चा मुंबई-रत्नागिरीच्या लोकांनी करावी. किनाऱ्यावर हवाच खारट असते हे खरं, आणि एप्रिल-मे महिन्यांत सातपुड्याच्या या पायथ्याला ॲल्युमिनियमला फारसा धोका नसतो हेही खरं. पण गंजायला पूर लागत नाही, ओलसर हवा पुरते. खतांचे क्षार हवेतला ओलावा स्वतःकडे ओढून घेतात. कोरड्या दिसणाऱ्या धुळीखाली त्यामुळे खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो. पोळ्याच्या सुमारास, जाम नदीवर गोटमार जत्रेची गर्दी असते त्या दिवसांत, हवा आठवडेच्या आठवडे दमट राहते. नेमक्या अशा हवेत, साधारण 75 टक्क्यांवरच्या आर्द्रतेला, लॅकरखालचा नागमोडी गंज सुरू होतो. बऱ्याच गाड्यांच्या पॉलिश केलेल्या भागांवर कारखान्यातून पारदर्शक लॅकर मारलेलं येतं. त्याला बोल्टच्या कडेला किंवा बुटाने एक चरा पडला की त्यातून क्षार आणि ओलावा आत जातात आणि लॅकरच्या खालून पांढरट, केसासारख्या बारीक रेघा वळणं घेत पसरू लागतात. वरून हात फिरवला तर पृष्ठभाग गुळगुळीतच लागतो, म्हणून माणूस चक्रावतो: वर काहीच नाही, मग घासून जात का नाही? जाणार कसं, ते काचेच्या पलीकडे आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस नसतो, पण दव असतं, आणि उघड्यावर लावलेली गाडी पहाटे हवेपेक्षा थंड होऊन ओली होते.

आता घासण्याकडे येऊ. आपल्या घरांत तांब्या-पितळेची परंपरा फार मोठी, आणि तिथे चिंच, लिंबू, राख, ताक ही अस्त्रं अचूक चालतात. तीच सवय गाडीवर उतरते. वर एक युक्तिवादही तयार असतो: काळा पडलेला कुकर चिंचेच्या पाण्याने उकळला की आतून उजळतो, मग गाडी का उजळू नये? उजळते, नाकारण्यात अर्थ नाही. जड पाण्यात उकळून कुकरच्या आत जो काळसर थर बसतो तो सौम्य आम्लाने निघतो, खालचा धातू उघडा पडतो. पण कुकर लगेच विसळून पालथा घातला जातो, त्याचा पत्रा सलग आणि घट्ट असतो, आणि तो आरशासारखा दिसावा अशी अपेक्षा कोणाची नसते. ओतीव कव्हरला सूक्ष्म छिद्रं असतात, बोल्टच्या खाचा असतात, गॅस्केटची फट असते. आम्ल तिथे शिरून बसतं आणि आठवडाभर काम करत राहतं. संध्याकाळी उजळलेली गाडी पंधरवड्यात आधीपेक्षा मळकट का झाली, याचं उत्तर त्या फटींत आहे. वॉशिंग सेंटरवरचा प्रकार याहून कठोर. चिखल आणि ग्रीस झटकन सुटावं म्हणून तिथे कधी कॉस्टिकचं पाणी मारतात, तर कधी मॅग व्हील पांढरी शुभ्र करायला फरशीचं ॲसिड. दोन्हींनी भाग क्षणभर स्वच्छ दिसतो. पण तो पांढरेपणा खरवडलेल्या धातूचा असतो. कपडे धुण्याची पावडर सौम्य वाटते, तिचंही पाणी दहाच्या आसपासचं अल्कली असतं. अंगाच्या कातडीला मानवेल असं बनवलेलं द्रावण ॲल्युमिनियमलाही मानवतं, म्हणून केसांच्या शांपूची एक पुडी बादलीभर पाण्यात, ही या कामासाठी मिळणारी सगळ्यात स्वस्त आणि जवळजवळ सगळ्यात योग्य गोष्ट आहे.

मग पॉलिश करायचंच नाही का? करायचं, पण ते काय करतं हे ओळखून. पॉलिश म्हणजे बारीक खरवडणं. पेस्ट असो की बफिंगचं चाक, धातूचा एक थर उतरवूनच आरसा तयार होतो. घट्ट बसलेली जुनी पापडी जाते, तिच्या जागी कोवळी धरते. कव्हरवरची कंपनीची अक्षरं आणि धारदार कडा प्रत्येक खेपेला थोड्या गोल होतात. आणि लॅकर असेल तर ते ठिकठिकाणी फाटतं. अर्धवट लॅकर हे सर्वांत वाईट. माझं मत असं की लॅकरला रेघा धरल्या असतील तर ते रिमूव्हरने पूर्ण काढून टाकावं आणि धातू उघडाच ठेवून सांभाळावा. जागोजागी डागडुजी करत बसण्यात काही हशील नाही. लोखंडी काथ्याने घासू नये, त्याचे तुटलेले कण धातूत रुतून बसतात आणि पहिल्याच पावसात तांबडे होतात. पितळी ब्रशने तर मुळीच नको; पितळ म्हणजे मुख्यतः तांबं, आणि तांब्याचं गाऱ्हाणं वर सविस्तर गायलं आहे. बफिंगवाले ॲनोडायझिंगचा सल्लाही देतात. विजेच्या साह्याने ऑक्साइडची पापडी पाच-पंचवीस मायक्रॉन जाड करण्याची ही पद्धत 1923 पासून विमानांच्या भागांसाठी वापरात आहे आणि पत्र्याच्या किंवा घडीव भागांवर उत्तम ठरते. पण सिलिकॉन भरपूर असलेल्या ओतीव झाकणावर ती राखाडी, मळका रंग देते, म्हणजे चकाकी वाचवायला जावं आणि तीच घालवून यावं.

त्यापेक्षा मेण बरं. गाड्यांच्या रंगासाठी मिळतं तेच साधं वॅक्स, स्वच्छ आणि कोरड्या धातूवर पातळ हाताने. ते पाण्याला आणि क्षारांना धातूपर्यंत पोचू देत नाही, एवढंच त्याचं काम. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे: कार्नोबा मेण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना वितळतं, त्यामुळे सिलिंडरच्या फिन्सवर ते टिकत नाही आणि क्लच कव्हरवरही काही आठवडेच राहतं. म्हणून ते एकदा लावून विसरण्याची चीज नाही. मृगाच्या आधी एकदा, पावसाळ्यात मधूनमधून. जोरदार पॉलिशसाठी वर्षातला एकच दिवस निवडायचा तर दसऱ्याइतका सोयीचा दुसरा नाही. गाडी त्या दिवशी धुतली-पुजली जातेच, पाऊस ओसरलेला असतो, आणि पावसाळ्यानंतरचं बोर्डो मलम उरकत आलेलं असतं. फक्त इंजिनावर काढलेलं ओल्या कुंकवाचं स्वस्तिक दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. ओलसर लेप धातूवर चार दिवस राहिला की त्याचा ठसा उमटतो.

फवारणीच्या दिवशी मात्र थांबायचं नाही. मोरचुदाचा शिंतोडा वाळण्याआधी भरपूर साध्या पाण्याने उतरवला तर शांपूचीही गरज पडत नाही. वाळून दवाने भिजला, पुन्हा वाळला, पुन्हा भिजला की काम अवघड होतं. धुतल्यावर सुती फडक्याने, जुन्या धोतराच्या तुकड्याने, कोरडं करणं धुण्याइतकंच महत्त्वाचं. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. थेंब जागच्या जागी वाळू दिला तर त्याच्या कडेने चुनखडीचं कडं राहतं आणि त्याखाली ओलावा धरून बसतो. पावसाचं साठवलेलं पाणी शेवटच्या विसळणीला वापरता आलं तर उत्तमच. रोगराईचा हंगाम असेल तर सोपा उपाय गाडी बगीच्याबाहेर लावण्याचा, आणि मोरचुदाची थैली टाकीवर न ठेवता झाकणाच्या बादलीत नेण्याचा.

कोणी म्हणेल, चकाकी गेली तर गेली, गाडी तर पळते ना? इंजिनाच्या झाकणापुरतं हे बरोबर आहे. काही मिलिमीटरच्या भिंतीला खड्डे पडले म्हणून तेल गळत नाही. पण दोन जागा अशा आहेत जिथे प्रश्न दिसण्याचा उरत नाही. एक, जिथे स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये फिरलेले असतात. दोन धातूंच्या मध्ये क्षाराचं पाणी शिरलं की पांढरी भुकटी फुगते आणि बोल्ट असा अडकतो की काढताना आटेच उखडून येतात. बसवताना आट्यांना बोटभर ग्रीस लावलं तर हे टळतं, आणि मिस्त्रीला सांगितल्याशिवाय तो ते लावतोच असं नाही. दुसरी जागा ट्यूबलेस टायरच्या मॅग व्हीलची कड, जिथे टायर रिमला चिकटून हवा अडवतो. तिथे खड्डे पडले की पंक्चर नसतानाही दर तीन-चार दिवसांनी हवा उतरते, आणि माणूस खिळा शोधत राहतो. टायर बदलायला उतरला की ती कड साबणाशिवायच्या पाण्याने धुवावी, पांढरी भुकटी बारीक पॉलिश पेपरने काढावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच नवा टायर चढवावा. पंक्चरवाल्याचं पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण सांगून करून घ्यावं लागतं.